रापणीचा वाटा कुणाला

आमच्या हायस्कुलात अर्थशास्त्र हा विषय आला तो एका माणसाच्या पाठोपाठ. त्याआधी तो तिथे नव्हता आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंय असंही दिसत नव्हतं. घाटावरून एक तरुण मास्तर नेमणूक होऊन आले, उंच, किडकिडीत, आणि बारा महिने घामाघूम. आमची दमट हवा त्यांना कधी मानवली नाही. पण घाम पुसत पुसत ते ज्याला त्याला प्रश्न विचारायचे. मासे खात नसत, तरी बाजारात मासेवालीपुढे उकिडवे बसून भाव विचारायचे. काल काय होता, आज काय आहे, उद्या काय असेल. "घेवचा नाय तर इचारतास कित्याक?" असं एकीनं त्यांना तोंडावर विचारलं, तर म्हणे त्यांनी तिलाच उलट विचारलं, की तुम्ही भाव ठरवता कशावरून?

ही गोष्ट एकोणीसशे साठच्या आसपासची. मी किनाऱ्यावरच्या तोंडवलीची, रापणीच्या मासेमारीवर जाणाऱ्या घरातली. दहावीत होते. वाडीतल्या माझ्या वयाच्या मुली एक तर मासे सुकवायला लागल्या होत्या, नाही तर लग्न होऊन गेल्या होत्या. माझी शाळा चालली होती ती बाबांच्या 'बघूया'वर. दरवर्षी मे महिन्यात ते 'बघूया' म्हणायचे आणि जूनमध्ये मी जायची.

अर्थशास्त्र मुलग्यांसाठी होतं. पुढे बँकेत, कचेरीत चिकटायचं तर उपयोगी पडेल, असा हिशेब. त्याच तासाला आम्हा पाच-सहा मुलींना शिवण असे. दोन वर्गांच्या मध्ये झावळ्यांच्या झापांची आडभिंत होती. तिकडून जे बोललं जाई ते इकडे स्वच्छ ऐकू येई. मी काज करता करता ऐकायची आणि माझी काजं वाकडी व्हायची.

सुरुवातीला तिकडून जे यायचं ते मजेदारच होतं. पुस्तकात गहू होता, कापडाच्या गिरण्या होत्या, लोकरीचे कोट होते. भर वैशाखासारख्या उकाड्यात मुलगे एका सुरात लोकरीच्या कोटाची मागणी का वाढते ते म्हणत. गहू शेतात कसा दिसतो ते त्या वर्गात एका सरांखेरीज कुणी पाहिलेलं नव्हतं. लोकरीचा कोट बहुधा सरांनीही नसावा.

एक दिवस सरांनी पुस्तक मिटलं असावं, कारण आवाज बदलला. ते म्हणाले, "पाण्यावाचून माणूस मरतो. हिऱ्यावाचून कुणी मेलेलं ऐकिवात नाही. मग पाणी फुकट आणि हिरा महाग, असं का?" तिकडे कुणी हिरा पाहिलेला नसावा. हिरा मीही पाहिला नव्हता. पण बांगडा पाहिला होता. मला राहवलं नाही. मी झापांतून ओरडले, "सर, काल बांगडे इतके आले की आम्ही ते खत म्हणून माडांच्या मुळात घातले. आणि गेल्या आठवड्यात आई एक बांगडा खाऊ देत नव्हती. बांगडो तोच."

शिवणाच्या बाईंनी माझा दंड धरला. तिकडे हशा झाला. आणि मग सर आडभिंतीला वळसा घालून धावत आले, तेही थेट शिवणाच्या वर्गात, जिथे कुठलेच मास्तर येत नसत. "कोण बोललं?" मी उभी राहिले, मार खायच्या तयारीनं. पण त्यांना मारायचं नव्हतं. त्यांना विचारायचं होतं. मुळात का घातले? सुकवले का नाहीत? मीठ नव्हतं का? बाजार किती लांब? मी सांगत गेले आणि ते ऐकत गेले, तास संपेपर्यंत. शेवटी म्हणाले, "तू तिकडे येऊन बस." बाई म्हणाल्या, "तिची काजं राहिली आहेत."

प्रकरण हेडमास्तरांकडे गेलं. ते वाईट नव्हते, सावध होते. मुलींनी अर्थशास्त्र घेऊ नये असा नियम नाही, पण कुणी घेतलेलंही नाही, असं ते म्हणाले. हा विषय दोन वर्षांचा, दहावी आणि अकरावीचा, म्हणजे थेट मॅट्रिकपर्यंतचा. तेव्हा हिच्या वडिलांनी स्वतः येऊन सांगावं, मुलीला हे कशासाठी शिकवायचंय ते. मग मी अडवणार नाही.

म्हणजे माझं सगळं बाबांच्या तोंडून निघणाऱ्या एका वाक्यावर अडलं. आणि ते वाक्य साधं नव्हतं. त्या विषयाला हो म्हणणं म्हणजे अकरावीला हो म्हणणं. 'बघूया' तिथे चालणार नव्हतं.

"तां शिकान काय करतलंस गो?" बाबांनी विचारलं.  मला एवढंच कळत होतं, की तिकडच्या बाजूला माणसं असे प्रश्न विचारतात जे माझ्या डोक्यात आधीपासून होते आणि मी ते प्रश्न आहेत हे ओळखलं नव्हतं. हे वडिलांना कसं सांगणार? मी म्हटलं, "सर तुका भेटाक येतले."

मी सांगितलं आणि सर आले, रविवारी सकाळी, किनाऱ्यावर. एकटे नाही आले. अख्खा वर्ग घेऊन आले. पुस्तकात 'विभाजन' नावाचा धडा होता. एखादी वस्तू तयार झाली, की तिचं मोल कुणाकुणात कसं वाटलं जातं, याचा. सरांना वाटलं, मुलांना ते डोळ्यांनी दिसेल. वर्गातली बहुतेक मुलं आतल्या गावांतली, शेतकऱ्यांची, एकदोन दुकानदारांची. त्यांनी रापण लांबून पाहिलेली.

रापण म्हणजे भलंमोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकत जाते, आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात. दोन्हीकडून माणसं ओढत ओढत जाळं वाळूवर आणतात. खूप हात लागतात. पुरुष, बायका, म्हातारे, जो येईल तो. आणि आमच्यात रीत अशी, की दोराला ज्यानं हात लावला, त्याला वाटा. कोण कुठला, कशाला आला, विचारायचं नाही.

सर आले तेव्हा दोर ताणलेले होते. मी आईबरोबर पाट्या घेऊन खाली पाण्याजवळ होते. सरांनी धोतर खोचलं, चपला काढल्या आणि दोर धरला. त्यांना तो कसा लागतो ते बघायचं होतं. सरांनी धरला म्हटल्यावर मुलं काय मागे राहतात? सगळी तुटून पडली. ओढताना ओरडत होती, पडत होती, एकमेकांच्या अंगावर वाळू उडवत होती. त्यांच्या मते ती सहल होती. ओढणाऱ्यांच्या मते मदतीला माणसं आली होती. मी मात्र दोराला लागलेले हात मोजत होते, कारण समुद्राचा रंग बघून आईनं सकाळीच म्हटलं होतं, आज काय खरं नाही.

जाळं वर आलं. बारके पेडवे, तेही थोडके. शेवाळ जास्त. आधीच काही दिवस जाळं असंच येत होतं. मासे वाळूवर ओतले आणि बाबा वाटे घालायला बसले. त्यांचा हात त्यात सरळ आहे असं सगळे मानत. होडीचा, जाळ्याचा, देवाचा काढून झाल्यावर ते माणसांचे वाटे घालू लागले. घालता घालता मान वर करून त्यांनी वर्गाकडे पाहिलं, आणि तेवढे वाटे आणखी घातले. प्रत्येक वाट्यातून चिमूट चिमूट उचलत. सगळे बघत होते. 

सरांना उशिरा समजलं. समजलं तेव्हा ते पांढरेफटक पडले. "नको, नको, आम्ही नुसतं बघायला आलो होतो," ते म्हणाले. "आमचे वाटे परत घाला."

"वाटो परत घेवची रीत नाय," बाबा म्हणाले.

दुसरा कुणी असता तर मासे घेऊन मान खाली घालून निघून गेला असता. सरांच्या एका हातात शेपटीला धरलेले पेडवे होते, जन्मात कधी न धरलेले, आणि तरी त्यांना प्रश्न पडलाच. ते म्हणाले, "पण मासे वाढले नाहीत, हात वाढले. मग वाटा का द्यायचा? हे कुणी ठरवलं?"

एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. बाबांना वाटलं यात सांगण्यासारखं काय आहे. "हात लायलास म्हणान. कामाचो वाटो. काम नाय, तर वाटो नाय."

बाजूलाच माझे काका उभे होते, बाबांचे चुलतभाऊ. वयानं मोठे, जिभेनं तिखट. ते म्हणाले, "काम कसला? दर्यो काय कोणाच्या बापाशीचो? जो तीरार येता तेचो वाटो. कामाचो काय संबंध?"

होडीचा म्होरक्या, तांडेल, म्हणाला, दोघांचंही चुकतं. आज दिलं नाही, तर उद्या जाळं जड झाल्यावर हाक मारली तर येणार कोण? आणि आई पाटी डोक्यावर घेता घेता म्हणाली, "रित्या हातान कोणाक धाडलास तर जाळ्याक दिष्ट लागता. हेच्यात इचारूचा काय?"

मग जे भांडण लागलं ते दुपारपर्यंत टिकलं. गंमत अशी, की वाटा द्यायचा यावर सगळ्यांचं एकमत होतं. का द्यायचा यावर दोन माणसांचं जमेना. ज्या रीतीनं सगळे जन्मभर वागले, तिचं कारण प्रत्येकाच्या मनात वेगळं होतं, आणि प्रत्येकाला आजवर वाटत होतं की बाकीच्यांचंही तेच आहे. मी पाटीला हात लावून उभीच राहिले. मासे नासले असते तरी मला कळलं नसतं. इतकं रंगलेलं मी कुठलंच नाटक पाहिलं नव्हतं, दशावतारसुद्धा नाही.

सर आपले पेडवे रुमालात बांधून गेले. ज्यांच्या घरी ते खोली घेऊन राहत, ते कडक सोवळ्यातले. घरमालकिणीनं त्यांना विहिरीवर उभं करून आंघोळ घातली, मगच उंबरा ओलांडू दिला, असं मुलं सांगत.

मला मात्र हसू येत नव्हतं. वाडीत दोन दिवस कुरकुर चालली. शाळेतली पोरं आली आणि वाटे चिमणीएवढे झाले, आणि आली कुणामुळे, तर हिच्यामुळे.  मी मनाशी समजून चुकले, की संपलं.

बुधवारी बाबांनी टोपी घातली आणि माझ्याबरोबर शाळेत आले.  हेडमास्तरांपुढे उभं राहून त्यांनी कचेरीतली मराठी काढली. "सदर मुलीस हा विषय शिकवण्यात यावा."

"कशासाठी?" हेडमास्तरांनी विचारलं.

बाबांनी घसा साफ केला. "आमच्या वाडीत एक तंटा उपस्थित झालेला आहे..." इथवर ती मराठी पुरली. पुढे पुरली नाही. "वाटो कामाचो काय दर्याचो, ह्या माका समजूक होया. माझो चुलतभाव सगळ्यांदेखत माका खोटो पाडूक बघता. ह्येंचां शास्त्र वाटपाचां आसा म्हणतत. माझ्या चेडवान शिकान सांगूचा, कोणाचां खरां तां."

हेडमास्तर हसले असते, पण बाबांचा चेहरा बघून हसले नाहीत. त्यांनी मला आडभिंतीच्या पलीकडे जायला सांगितलं. जाता जाता बाबा मला म्हणाले, "मे म्हयन्यात माका सांगूचा. मगे अकरावीचा बघूया." म्हणजे 'बघूया' आलंच. या खेपेला त्याला एक अट जोडून आलं.

मी हावऱ्यासारखं पुस्तक वाचलं. त्यात विभाजनाचे चार रकाने होते. जमिनीला खंड, श्रमाला मजुरी, भांडवलाला व्याज आणि चालकाला नफा. मी रापण त्यात बसवू लागले. होडी-जाळं म्हणजे भांडवल, ठीक. दोर ओढणं म्हणजे श्रम, ठीक. इथवर बाबा जिंकत होते. पण समुद्राचा खंड कुणाला? देवाचा वाटा कशात? दिष्ट कुठल्या रकान्यात घालू? मी सरांना विचारलं, कोणाचं खरं? सर म्हणाले, "मला माहीत नाही." मास्तराच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला त्यांचा थोडा रागच आला.

त्यांनी उत्तर दिलं नाही, काम दिलं. पुस्तकातला धडा वाचायचाच, पण प्रत्येकानं आपल्या घरी वाटा कसा पडतो ते बघून यायचं. एका शेतकऱ्याच्या मुलानं सांगितलं, की त्यांच्याकडे न्हाव्याला आणि कुंभाराला सुगीला भात मिळतं, वर्षात मडकं फुटो वा न फुटो. दुकानदाराच्या मुलानं सांगितलं, की पोर सामान न्यायला आलं तर हातावर गुळाचा खडा ठेवायचा, त्याचा भाव लावायचा नाही. मग सर आम्हाला उभं करून दुसऱ्याच्या बाजूनं भांडायला लावत. मी एकदा बाबा झाले, एकदा काका, एकदा तांडेल. काका झाले तेव्हा मला काकांचं शंभर टक्के पटलं. तांडेल झाले तेव्हा वाटलं, हे तर उघड आहे. ज्याची बाजू घ्यावी तोच खरा वाटे. मला सरळ एक उत्तर हवं होतं, घरी न्यायला, आणि वर्गात मात्र उत्तरांची रास पडत होती.

सर एकदा म्हणाले, "उत्तर ऐकण्याआधी बघ, ते देणारा माणूस कुठे उभा आहे. आणि तिथे तो कसा पोचला ते विचार." मी ते वहीत उतरवून घेतलं. समजलं नाही.

मे महिना आला. बाबांनी अजून विचारलं नव्हतं. पण कुणकेश्वराकडचं एक स्थळ आलंय, असं घरात कुजबुजत होते. आई अंगणात सुकायला घातलेले मासे परतत होती, उन्हाची बाजू बदलत होती. मी तिच्याबरोबर बसले आणि सहज म्हटलं, "बाबा कामाचो वाटो, कामाचो वाटो म्हणान इतको कित्याक चिडता?"

आईचा हात थांबला नाही. "तू चलाक लागलंस त्या वर्सा होडी वर काढताना तेच्या पायावरसून गेली," ती म्हणाली. "आख्खो हंगाम आतल्या खोलीत पडान होतो. दोराक बोट लावक नाय. वाटो मात्र रोज ये. पुरो. अर्धो नाय."

"कोण हाडी घराक?"

"तुझो काको. दारात ठेवन जाय. बोलायचो काय नाय. बापूस तुझो तोंड फिरवन निजायचो."

त्या संध्याकाळी बाबा माडाखाली जाळं विणत होते. त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, "सांग. कोणाचां खरां?"

मला भीती वाटत होती. 'तुझं' म्हटलं असतं तर अकरावी पदरात पडली असती. पुस्तकानं तर तसंच म्हटलं होतं, आणि मी तसं सांगितलंही. "पुस्तकात तुझां खरां आसा. कामाक मजुरी." ते समाधानानं मान हलवणार तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, कारण विचारल्यावाचून मला राहताच येत नाही. "पण बाबा, तुझो पाय मोडलेलो, त्या वर्सा वाटो कसलो येय?"

विणायची सुई थांबली.  मला वाटलं, उठून जातील. मला त्यांना दुखवायचं नव्हतं आणि मी दुखवलं होतं. माझे डोळे भरून आले.

"आयेन सांगल्यान?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

"तो वाटो खाताना माका लाज वाटायची," ते म्हणाले. "घास गिळायचो नाय. हात लावल्याबिगर गावता तां आपला नाय, असां तेव्हांच मनात धरलंय." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, आणि ते मला चिडवत नव्हते, त्यांना खरंच हवं होतं, "तुझ्या त्या पुस्तकात लाजेचां काय लिवलेलां आसा?"

मी पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. "नाय," मी म्हटलं.

त्यांनी सुई पुन्हा उचलली.

"मगे तुझां शिकान खंय झालां," ते म्हणाले. "अकरावीक जा."